फुकटच्या गाण्याचा जमाखर्च

परळी आणि अंबाजोगाई या दोन क्षेत्रांच्या टापूत वसलेल्या धर्मापुरी गावी केदारेश्वराचे जे चालुक्यकालीन देऊळ उभे आहे ते पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा बाहेरच्या भिंतींवरील सुरसुंदरींपाशी रेंगाळतो. परंतु अशा देवळांतून एके काळी जे गाणेबजावणे चाले त्याचा खर्च कोणत्या खात्यातून निघत असे, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतो. चालुक्य-यादवकालीन दानलेखांत देवाच्या अंगभोगाबरोबर रंगभोगाचीही तरतूद केलेली आढळते. म्हणजे स्नान, गंध, नैवेद्य यांसाठी जशी जमीन लावून दिली जाई, तशीच ती देवापुढील गायन, वादन आणि नर्तन यांसाठीही दिली जाई. मंडपात बसून ऐकणाऱ्यास कवडीही मोजावी लागत नसे. ती अगोदरच कोणी तरी मोजून ठेवलेली असे, आणि शिळेवर कोरून ठेवलेली असे. पुढे सुलतानी, मोगलाई आणि निजामी अशा राजवटी बदलत गेल्या, तरी इनाम, वर्षासन, मोईन अशा निरनिराळ्या नावांनी हीच वहिवाट कमीअधिक प्रमाणात चालत राहिली. ऐकणारा फुकट ऐकत असे आणि वाजविणाऱ्याचे पोट दप्तरातल्या एखाद्या सनदेवर चालत असे.

संगीत विनामूल्य वाटल्याने त्याचे मोल उतरते काय, हा प्रश्न अलीकडे पुन्हा ऐरणीवर आला आहे, त्याचे कारण उघड आहे. धर्मापुरीच्या बाजारात उभा असलेला तरुण खिशातल्या फोनवर भीमसेन जोशींचा अभंग, प्रल्हाद शिंद्यांचे भक्तिगीत आणि काल रात्रीच्या कीर्तनातली चाल एकापाठोपाठ एक, छदामही न मोजता ऐकू शकतो. त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्याला दाम पडत नाही त्याची कदर होत नाही. तिकीट काढून आलेला मनुष्य कान देऊन बसतो आणि पासावर आलेला मध्यंतरातच चपला शोधू लागतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, विद्या दिल्याने वाढते आणि गाणे हे गाणाऱ्याच्या कंठातून एकदा बाहेर पडले म्हणजे ते सर्वांचे झाले. दोन्ही पक्षांचे वकील हुशार आहेत, पण दोघांचीही नजर ऐकणाऱ्याच्या खिशावरच खिळलेली आहे. मला स्वतःला या तंट्यात श्रोत्याचा खिसा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. देणाऱ्याचा योगक्षेम कोणी चालविला, आणि ‘देणार नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याला होती की नव्हती, या दोन गोष्टींवरून फुकटच्या गाण्याची प्रतिष्ठा ठरत आली आहे, असे आपल्या प्रांताचा इतिहास चाळला म्हणजे दिसू लागते.

या बाबतीत वारकरी परंपरेने जितका निःसंदिग्ध पक्ष घेतला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच घेतला असेल. हरिकथेचा विक्रा करणाऱ्याचा तुकोबांनी अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला आहे; जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, एवढेच नव्हे तर आपल्या तट्टासाठी दाणावैरणही मागू नये, इतका कडक दंडक त्यांनी घालून दिला. हा दंडक ज्या मंडळींच्या परंपरेतून आला त्यांच्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, नामदेव शिंपी होते, गोरोबा कुंभार होते, सावतोबा मळा पिकवीत होते आणि खुद्द तुकोबांच्या घरी वाणीपणाचा व्यवसाय आणि महाजनकी होती. ज्याचे पोट अन्य उद्योगावर चालते त्याला गाणे न विकण्याचे व्रत पाळता येते. तुकोबांच्या घरी तर पुढे तेही चालेनासे झाले; दुष्काळ पडला, दुकान बुडाले, आणि भंडाऱ्याच्या डोंगरावरील त्या नामसंकीर्तनाचा खरा खर्च त्यांच्या पत्नीने, आवलीने, चुलीपुढे बसून सोसला. तिच्या तिखट जिभेच्या कथा रंगवून श्रोत्यांना हसविणाऱ्या बुवांनी हाही जमाखर्च एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

त्या दंडकाचे आज काय झाले, हे पाहावयाचे असेल तर मराठवाड्यातल्या कोणत्याही गावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथेवरचे भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम असतो. वीणा खाली ठेवावयाची नाही म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. आणि शेवटी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाच्या पंगती उठतात. तेथे बसणाऱ्याला कोणी तिकीट विचारीत नाही. परंतु त्याआधी कित्येक दिवस गावातली मंडळी पावतीपुस्तक घेऊन घरोघर हिंडलेली असतात. कोणी ज्वारीचे पोते दिलेले असते, कोणी तेलाचे डबे, आणि कोणी ‘चौथ्या दिवसाचे कीर्तन आमच्याकडून’ असे सांगून त्या बुवांच्या मानधनाचा भार उचललेला असतो. छापील पत्रिका हातात घेतली म्हणजे या व्यवहाराचा सगळा नकाशाच समोर येतो. कीर्तनकारांची नावे ठळक टाइपात, अन्नदात्यांची चौकटीत, मृदंगाचार्यांचे एका ओळीत, आणि टाळकऱ्यांचा निकाल ‘व पंचक्रोशीतील समस्त भजनी मंडळी’ एवढ्यात लागलेला.

त्या एका ओळीतल्या मृदंगाचार्याकडे जरा जवळून पाहावे. कीर्तन उभे राहण्यापूर्वी तो कोपऱ्यात बसून कणकेचा गोळा मळतो, तो मृदंगाच्या धुमावर थापून त्याच्या कडा अंगठ्याने सारख्या करतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा थाप मारतो. मग हातोडीने गठ्ठे ठोकून शाईची बाजू पेटीच्या सुराला आणून बसवितो. त्यानंतरचे दोन तास बुवांच्या प्रत्येक चालीचा, थांबण्याचा आणि लहरीचा अंदाज घेत तो उभ्याने वाजवितो. ही विद्या त्याने बहुधा फुकटच मिळविलेली असते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस जी वारकरी शिक्षण संस्था काढली तीत विद्यार्थ्याकडून फी घ्यावयाची नाही, त्याने माधुकरीवर राहावे आणि शिकावे, अशी प्रथा पडली. आणि तेथून अथवा तशाच वातावरणातून निघालेल्या वादकांनी गावोगावच्या सप्ताहांना ठेका पुरविला. धर्मापुरीच्या याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांचा पखवाज वारकरी भजनाच्या मातीतूनच वर आला, आणि १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भजनात फुकट वाजल्याने पखवाजाचे मोल उतरले, असे त्यांच्या उदाहरणावरून तरी कोणाला म्हणता येणार नाही. ज्या गावांनी त्याला फुकट ऐकले, त्याच गावांनी तो अर्धवट वाजतो केव्हा आणि पुरा वाजतो केव्हा, हे ओळखणारे कानही तयार केले.

मात्र याच गावांत फुकट वाजणारे दुसरेही एक वाद्य होते, आणि त्याची हकीकत निराळी आहे. देवाची पालखी निघाली, जत्रा भरली, पोळ्याचे बैल वेशीपाशी आले की हलगी वाजविणे हे मातंग समाजाकडे वहिवाटीने आलेले काम होते. त्याची भरपाई सुगीच्या वेळी खळ्यावरून मिळणाऱ्या धान्यात, म्हणजे मालकाच्या मर्जीवर होत असे. हलगीच्या कडकडाटावाचून पालखी हलत नसे, आणि तो कडकडाट करणाऱ्याला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. येथे श्रोत्याने पैसे दिले नाहीत म्हणून कलेची किंमत गेली, असे म्हणणे म्हणजे मूळ रोग सोडून अंगावरच्या पुरळावर लेप लावण्यासारखे आहे. ती किंमत गेली ती वाजविणाऱ्याला ‘आज वाजविणार नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती म्हणून. मृदंगाचार्य न आला तर गाव त्याची विनवणी करी. हलगीवाला न आला तर गाव त्याला जाब विचारी. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची कामे टाकून देण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे हीच जाण होती. गावकीची सक्ती जेथे गेली आणि हलगीवाला सुपारी घेऊन वाजवू लागला, तेथे त्याच वाद्याला लोक आदराने ‘पथक’ म्हणू लागले, ही गोष्ट सामाजिक इतिहास लिहिणारांनी ध्यानात ठेवावी.

देवळातून आणि गावातून निघून दरबारी संगीताकडे वळले म्हणजे फुकटपणाचे तिसरेच रूप दिसते. बडोदे संस्थानात कलावंत कारखाना हे खातेच होते आणि त्यात गवयांची नावे पगारपत्रकावर असत. कोल्हापुरास अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. येथे श्रोते मोजके आणि आश्रयदाता एक. परंतु खरा मौल्यवान ऐवज दरबारात नव्हता. तो होता उस्तादांच्या पोटात, म्हणजे घराण्याच्या खास चिजांत. ती चीज मुलीच्या लग्नात आंदण म्हणून जावयास दिल्याच्या कथा घराण्याघराण्यांतून सांगितल्या जातात. परक्या शागिर्दाला तिचा अंतरा मिळण्यासाठी वर्षानुवर्षे हुक्का भरावा लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) घरदार सोडून, गुरूच्या दारी पडेल ते काम करून ग्वाल्हेरची गायकी मिळविली आणि ती महाराष्ट्रात आणून आपल्या शिष्यांत मोकळ्या हाताने वाटली. ती त्यांना रोख पैशात पडलेली नसेल. पण आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांत पडली होती.

त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी या प्रकरणाला जी कलाटणी दिली, तिच्यात मात्र एक गंमतशीर विरोध आहे. गवयाने संस्थानिकाच्या मर्जीवर राहू नये, चार लोकांपुढे तिकीट लावून गावे, असा मार्ग त्यांनी धरला. म्हणजे गाण्याला त्यांनी उघडपणे किंमत लावली. आणि त्याच मनुष्याने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढल्यावर तेथील उपदेशक वर्गाच्या मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य दिले, फक्त अमुक वर्षे विद्यालय सोडणार नाही असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही सगळी मंडळी त्यांच्याच तालमीतली. या फुकटच्या शिक्षणाने संगीताचे मोल वाढले की घटले, हे त्या नावांकडे पाहून ठरवावे. पण जमाखर्चाचे दुसरे पानही उलटले पाहिजे: विद्यालयाचा पसारा वाढत गेला, जलशांचे उत्पन्न पुरेना, आणि मुंबईची इमारत अखेर कर्जापायी हातची गेली. दान निष्फळ झाले नाही. दात्याच्या मागे मात्र कोणी उभे राहिले नाही.

पंडित भातखंड्यांनी (१८६०–१९३६) केलेली वाटणी याहूनही धाडसाची होती. ते पेशाने वकील, म्हणजे पोटापाण्याची चिंता गाण्यावर नाही. गावोगाव हिंडून, उस्तादांचे मन वळवून, प्रसंगी त्यांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी ज्या बंदिशी गोळा केल्या, त्यांपैकी अठराशेहून अधिक त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापून टाकल्या. शतकानुशतके पेटीत ठेवलेला ऐवज आता कोणाही विद्यार्थ्याला पुस्तकाच्या किमतीत मिळू लागला. यामुळे उस्तादांचा धंदा बसेल, ही भीती अनेकांना होती. ती काही अंशी खरी ठरली, कारण केवळ चीज माहीत आहे एवढ्या भांडवलावर जगणाऱ्यांची पंचाईत झाली. परंतु ज्यांच्यापाशी चिजेबरोबर गळा आणि तालीमही होती त्यांचे काही बिघडले नाही. पुस्तकातली स्वरलिपी वाचून कोणी फैयाज खाँ झाला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासात भातखंड्यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण फुकट काय वाटता येते आणि काय वाटूनही वाटले जात नाही, याची सीमारेषा तेथे नेमकी दिसते.

याच्या उलट टोकाला केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांनी भरभक्कम मोबदला मोजून घेतली आणि आयुष्यभर आपले गाणे त्याच कसोशीने जपले. रेडिओ त्यांनी टाळला, ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या, आणि बैठकीची बिदागी कधी उतरू दिली नाही. आपला सूर पानपट्टीच्या दुकानात कोणाच्याही कानी पडावा, हे त्यांना सोसत नव्हते. त्यांचा तो ताठा मला समजू शकतो, किंबहुना कलावंतिणीच्या जातीत जन्मलेल्या बाईने ‘नाही’ म्हणण्याचा हक्क इतक्या मगरुरीने बजावावा, यात एक न्याय आहे. परंतु १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची जी दोन याने अवकाशात सोडली, त्यांवरील सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. आणि त्याच सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. ज्या बाईने पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना दार किलकिले करूनच गाणे ऐकविले, तिचे गाणे आता सूर्यमालेच्या पलीकडे, कोणी असेल त्याला फुकट ऐकण्यासाठी चालले आहे.

नाटकाच्या रंगभूमीवर हा हिशेब एकदा उलट्या बाजूनेही मांडला गेला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले, तेव्हा तिकिटांचे दर त्या काळाच्या मानाने डोळे पांढरे करणारे होते. गाणाऱ्यांनी आपले गाणे राष्ट्रकार्याला वाहिले, श्रोत्यांनी चढ्या भावाने घेतले, आणि दोघांनाही धन्य वाटले. देणे आणि घेणे या दोन्ही टोकांना एकच भाव असावा लागत नाही, हे त्या रात्रीने दाखविले.

यानंतर आकाशवाणी आली आणि फुकटपणा सार्वत्रिक झाला, निदान तसा भास झाला. वस्तुतः रेडिओ घरी ठेवणाऱ्याला टपाल कचेरीत परवाना काढावा लागे आणि त्याची फी भरावी लागे; पण चावडीवरचा ग्रामपंचायतीचा संच ऐकणाऱ्या गावकऱ्याला ते कशाला ठाऊक असणार? १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि १९ एप्रिल १९५६ पर्यंत त्याची छपन्न गीते झाली. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, माणिक वर्मांसारखे गळे, आणि हे सारे दर आठवड्याला घरबसल्या. फुकट मिळाले म्हणून लोकांनी ते हलके लेखले नाही. संचापुढे उदबत्ती लावून ऐकणारी घरे होती. पुढे त्याचे पुस्तक खपले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, भाषांतरे झाली, आणि जी गीते पाठ होती तीच पुन्हा ऐकण्यासाठी लोक फडक्यांच्या कार्यक्रमांची तिकिटे दशकानुदशके काढीत राहिले. फुकटच्या वाटपाने मोल वाढल्याचे याहून ठसठशीत मराठी उदाहरण मला सुचत नाही. तरी एक गोष्ट विसरता कामा नये की, त्या काळी कवी, संगीतकार आणि वादक यांना मानधन देणारे एक सरकारी खाते मध्ये उभे होते. त्याच खात्याचे मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवर मज्जाव केला तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि शेवटी १९५७ साली ‘विविध भारती’ काढावी लागली. फुकट वाटणाऱ्याला काय वाटावे याची मक्तेदारी मात्र मिळत नाही, हे त्यावरून दिसले.

कॅसेटच्या युगात हे मधले खाते गळाले. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला, आणि भक्तिगीते, लोकगीते, भीमगीते खेडोपाडी पोहोचली. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गीते मराठवाड्यात प्रत्येक भीमजयंतीला गायिली गेली. ती त्यांनी चळवळीला दिली होती, गावोगाव हिंडून, ज्या घरी उतरले त्या घरची भाकरी खाऊन. गीतांचे मोल तिळमात्र उतरले नाही. दादांच्या ऐहिक परिस्थितीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही, आणि त्यांच्या गीतांवर ज्यांनी दुकाने थाटली त्यांनी त्याची फिकीर केल्याचे फारसे ऐकिवात नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार त्यानंतर मोबाईलच्या दुकानांनी पुढे चालविला. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळत, आणि त्या दहा रुपयांतला एक पैसाही गाणाऱ्याकडे जात नसे. लोक याला फुकट म्हणत. वस्तुतः तेथे पैसे पडत होते, फक्त भलत्याच गल्ल्यात.

बाहेरच्या जगात याच सुमारास झालेले दोन प्रयोग ओझरते नोंदवितो. २००५ साली बीबीसीने बेथोवनच्या नऊही सिंफनी विनामूल्य उतरवून घेण्यास दिल्या. चौदा लक्षांच्या आसपास प्रती लोकांनी घेतल्या, आणि ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांनी बाजार नासल्याची ओरड केली. २००७ साली रेडिओहेड या इंग्रज वाद्यवृंदाने आपले नवे ध्वनिमुद्रण ‘हवे ते द्या’ या बोलीवर खुले केले आणि तरीही पुढे त्याच्या तबकड्या दुकानांतून खपल्या. पण बीबीसीमागे परवाना-फी भरणारी जनता होती आणि रेडिओहेडमागे पंधरा वर्षांची कीर्ती. अंबाजोगाईच्या एखाद्या होतकरू गायकाने त्यांचे अनुकरण केले तर त्याच्या पदरी काय पडेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आपल्या कायद्याने या गुंत्याचा काही विचार केलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधी आणि विवाहसोहळा यांतील गाण्याबजावण्याला परवान्यातून सूट आहे, म्हणजे सप्ताहात गायिलेल्या चालीबद्दल कोणाची परवानगी लागत नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा हिस्सा लिहून देऊन मोकळे होण्यापासून वाचविले. वामनदादांच्या पिढीला ही तरतूद उशिरा लाभली असे म्हणण्याचीही सोय नाही. ती आली तेव्हा ते नव्हते.

परंतु ज्या सप्ताहाच्या मंडपात सूट आहे, त्याच मंडपात आता एक मनुष्य तिवईवर कॅमेरा लावून बसतो. कीर्तन सर्वांसाठी खुले असते, म्हणून त्याचे चित्रीकरणही खुले, असे तो समजतो. रात्रीतून ते युट्यूबवर चढते, त्यावर जाहिराती लागतात, आणि त्यांचा पैसा ज्याच्या नावावर वाहिनी असेल त्याच्या खात्यात जमा होतो. बुवांना निदान प्रसिद्धी मिळते, पुढच्या वर्षीच्या तारखा भरतात. मृदंगाचार्याला, चाल उचलणाऱ्या गायकाला, पेटीवाल्याला विचारलेले नसते. त्यांची नावेही चित्रफितीखाली नसतात. त्यांनी गावाला दिले होते, वाहिनीवाल्याला नव्हे. सप्ताह समित्यांनी याबाबत एवढे करावे की, चित्रीकरणाची परवानगी लेखी द्यावी, साथीदारांची नावे घालण्याची अट तीत असावी, आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा त्यांच्याकडे जावा. ज्या समित्या ज्वारीच्या पोत्याचीही पावती फाडतात, त्यांना हे अवघड जाऊ नये.